थोरल्याचा दाखला

निपाणी,
६ फेब्रुवारी २०२५

चि. अभिनंदन,

सौम्याचा निरोप मिळाला. सहा वर्षांनी तुला माझी आठवण झाली ती जन्मदाखल्यासाठी, याचं मला वाईट वाटलेलं नाही. काम नसताना मीसुद्धा कुणाला पत्र लिहीत नाही.

फोन करणार नाही. फोनवर आपण भांडतो. मी कागदावर लिहीन, त्याचा फोटो काढून सौम्याला पाठवीन. तू वाच अगर ठेवून दे. तुझी बायको समंजस आहे, ती वाचेल.

आता काम. तुम्हाला न्यूझीलंडचं नागरिकत्व घ्यायचं आहे. तिथं कायम राहण्याचा परवाना तुम्हाला २०१९ मध्येच मिळाला, पाच वर्षं भरली, अर्ज नोव्हेंबरात गेला. सौम्याचे आणि तुझ्या लेकीचे, आरोहीचे, कागद पुरे आहेत. तुझा मात्र आईवडिलांच्या नावासकट जन्मदाखला हवा आहे, आणि तोही ३१ मार्चच्या आत, नाहीतर अर्ज बंद. एवढं मला समजलं. तुझा पासपोर्ट शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निघाला होता, त्यामुळं जन्मदाखल्याची गरज आजवर पडली नव्हती.

परवा चिकोडीला जाऊन आले. निपाणी वेगळा तालुका झाला तरी आपल्या गावची जुनी जन्ममृत्यूची रजिस्टरं तिथंच आहेत. रेकॉर्डरूममध्ये आण्णाप्पा म्हणून एक कारकून आहे. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलतो आणि दोन्हींत सावकाश.

"याव वर्ष री, बाई?"

"एकोणऐंशी."

"दुसरं माणूस पाठवा म्हणून सांगा तुमच्या भावाला. तुमी कशाला आलाय जिना चढून?"

"जिना मी चढले. रजिस्टर तुम्ही काढा."

काढलं. नोंद मिळाली. वीस जानेवारी १९७९, मुलगा, नाव अभिनंदन, वडील पद्मराज, आई राजमती. पासपोर्टाशी तंतोतंत जुळते. शिक्क्याचा दाखला आज कुरिअरनं पाठवला आहे. यापुढं काही लागणार नाही आणि तू काही विचारूही नकोस.

येताना जिनदर्शनाला बस्तीत गेले, तर पायरीवर आपल्या काकांचा वृषभ भेटला. बातमी त्याला आधीच पोचलेली. म्हणाला, "आक्का, आपल्या लोकांचं सत्तर वर्षं झाली, आपण कुठल्या राज्यातले ते ठरंना. आणि आमच्या अभिनंदन अण्णानं दहा वर्षांत देश ठरवला! लई हुशार."

मी म्हटलं, "तू अजून चप्पल कुठं काढायची ते ठरवलेलं नाहीस. वाटेतून बाजूला हो."

आरोहीला आशीर्वाद. तुला काय द्यायचं ते नंतर बघू.

आक्का


१८ फेब्रुवारी

चि. अभिनंदन,

तो दाखला कचेरीत देऊ नकोस. कुरिअर पोचलं असेल तर कपाटात ठेव.

सौम्यानं तुझा निरोप पुढं पाठवला. "आक्काला सांग, दाखला बघून पहिल्यांदाच वाटलं की मी कुठंतरी नोंदवलेला आहे. आईनं मला जन्मात एकदाही या नावानं हाक मारली नाही. बी.टेक.ला पहिला आलो त्या दिवशीसुद्धा कल्लूच म्हणाली. निदान कुणीतरी हे नाव लिहून ठेवलं होतं." हे तू लिहायला नको होतंस. म्हणजे लिही, पण मी ते वाचायला नको होतं.

दाखल्यात घोटाळा आहे. शाळेत नाव घालताना तेव्हाच्या हेडमास्तरांकडून एक चूक झाली होती, तिचा हा परिणाम. मी दुरुस्त करते. मला थोडे दिवस दे.

आक्का


२१ फेब्रुवारी

चि. अभिनंदन,

"तू मुद्दाम करते आहेस. मी परका होऊ नये म्हणून तू अर्ज बुडवणार." हे तू लिहिलंस. हेही लिहिलंस की दाखला तर सगळीकडं जुळतो, मग घोटाळा कसला. 

घोटाळा हाच की तो जुळतो. तो दाखला तुझा नाही.

तुझ्या आधी एक मुलगा होता. माझ्यानंतर अठरा वर्षं आईला मूल झालं नाही, आणि मग तो झाला. आपल्या वडिलांनी, अण्णांनी, गावजेवण घातलं. बस्तीत चौथ्या तीर्थंकरांच्या नावानं त्याचं नाव ठेवलं, अभिनंदन. चौदा महिन्यांचा असताना, मार्च १९८० मध्ये, तीन दिवसांच्या तापात तो गेला. मी तेव्हा बेळगावला कॉलेजच्या वसतिगृहात होते. गाडी मिळवून घरी पोचले तोवर पाळणा माळ्यावर गेलेला होता.

त्याच वर्षाच्या शेवटी तू झालास. आईनं बारसं करू दिलं नाही. नाव ठेवलं की दृष्ट लागते, मूल जातं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ती तुला कल्लाप्पा म्हणायला लागली. कल्ल म्हणजे कानडीत दगड. दगडाला ताप येत नाही. बस्तीतल्या पंडितांनी समजावलं, अण्णा रागावले, तिनं ऐकलं नाही. घरात तू कल्लू झालास.

तुला ती उंबऱ्याबाहेर सोडत नव्हती. चार वर्षांचं पोर कडेवर. गल्लीतली मुलं गोट्या खेळायची आणि तू दाराच्या कडीला धरून बघायचास. मूल खिडकीतलं झाड झालं होतं. तुला शाळेत घालणं गरजेचं होतं, पण वय भरत नव्हतं. आईनं तर सात वर्षांचा झाल्यावर बघू म्हणून सांगितलं होतं. घरातल्या ट्रंकेत थोरल्याचा जन्माचा कागद होता. तो शाळेत गेला. कागदाबरोबर त्याचं नावही तुला लागलं आणि त्याची तारीखही. पुढं सगळं त्याच्यावरून चालत आलं, दहावी, कॉलेज, पासपोर्ट, तुझा तिथला परवाना.

तू वीस जानेवारी एकोणऐंशीचा नाहीस. आई सांगायची त्याप्रमाणं डिसेंबर ऐंशीचा आहेस. नक्की तारीख मी शोधते.

तो दाखला दिलास तर कुणाला कळणार नाही. मलाही आधी तेच सोयीचं वाटलं म्हणून तर पाठवला. पण त्या अर्जावर हे माझं आहे म्हणून शपथेवर सही करायची असते, असं सौम्यानं सांगितलं. तुला मी मेलेल्या मुलाच्या कागदावर सही करायला लावणार नाही. चाळीस वर्षं लावली तेवढी पुरे.

खरं सांगितल्यानं तुझा परवानाच धोक्यात येतो का, हे मला ठाऊक नाही. तिथल्या वकिलाला विचार. ठरवायचं तू आहेस.

आक्का


४ मार्च

चि. अभिनंदन,

उत्तर नाही. सौम्या लिहिते, "ते कामावरून येऊन मागच्या बागेत गवत कापत बसतात." कापू दे. तारीख थांबत नाही म्हणून मी कामं चालू ठेवली आहेत. वापरायची की नाही ते तू बघ.

आण्णाप्पानं ऐंशीचं रजिस्टर काढलं. मार्चच्या पानावर थोरल्याची मृत्यूची नोंद आहे. तिची प्रत घेतली. मग डिसेंबर. अठ्ठावीस तारीख, मुलगा, वडील पद्मराज, आई राजमती. नावाचा रकाना कोरा.

आण्णाप्पा चष्मा वर करून म्हणाला, "हेसर इल्ला री. नावच न्हाय. चव्वेचाळीस वर्षं बिननावाचा फिरतोय व्हय गडी?"

"फिरतोय. न्यूझीलंडपर्यंत गेलाय."

"आणि बिननावाच्याला त्यांनी आत घेतलं?" तो एवढा हसला की शेजारच्या खोलीतून लोक बघायला आले. माणूस वाईट नाही. दुपारचं जेवण सोडून त्यानं प्रती काढून दिल्या.

आता हा कोऱ्या रकान्याचा मुलगा म्हणजेच तू, हे शाबीत करायचं. त्यासाठी जन्माच्या वेळी हजर असलेलं कुणीतरी हवं. बाळाबाई आहे अजून, वय ऐंशीच्या पुढं, कान तीक्ष्ण. आपल्या शेतात भांगलायला असायची आणि गावातली बाळंतपणं करायची. तिच्या दारात गेले तर शेंगा फोडत बसलेली. सगळं सांगितलं. शपथेवर सांगावं लागेल म्हटलं.

"शपत कशाला? माज्या हातावर आलंय ते पोरगं. तुज्या आईच्या दोन्ही पोरांची नाळ म्याच कापलीया. थोरलं गोरं हुतं. ह्यो काळा, आणि डाव्या कुल्ल्यावर ही एवढी खूण. काढून दाव म्हणावं तिथल्या सायबाला."

मी म्हटलं, एवढं लिहायची गरज पडणार नाही.

"लिव्ह गं. खरं हाय ते."

वकील नागेंद्र माझा विद्यार्थी, चौऱ्याण्णवची बॅच. अजून माझ्यासमोर खुर्चीत बसत नाही. मी त्याच्या कचेरीत त्याला बसायला सांगते तेव्हा बसतो. त्यानं ॲफिडेव्हिटचा मसुदा केला. बाळाबाईचं एक, माझं एक. मग विचारलं, "बाई, शाळेत कागद दिला कुणी आणि नोंद केली कुणी, ते यात यायला पाहिजे. तेव्हाचे हेडमास्तर हयात आहेत?"

"नाहीत."

"मग सोपं आहे. त्यांची नजरचूक म्हणून टाकू या. गेलेल्या माणसाला कोण विचारतंय?"

तुला अठरा तारखेच्या पत्रात मीही हेच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन पंच्याऐंशी सालच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागितला. हेडमास्तरणीनं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. मुलगी नवीन आहे, तिला काही ठाऊक नाही. तिला अक्षर आवडलं. म्हणाली, "किती छान वळणदार आहे नाही का?"

ते अक्षर माझं आहे.

हेडमास्तर त्या आठवड्यात ट्रेनिंगला गेले होते. मी त्या शाळेत नवी शिक्षिका, चार्ज माझ्याकडं होता. ट्रंकेतला कागद मीच काढला. अण्णांना विचारलं नाही, आईला तर नाहीच. पंचवीस वर्षांची होते, बी.ए. बी.एड. होते, मला सगळं कळतं असं मला वाटायचं. ती तुला गुदमरून टाकते आहे आणि एकटी मीच तुला बाहेर काढू शकते, असं मी ठरवलं. आईला सांगितलं, नुसतं बसायला नेते, माझ्यासोबत. आठ दिवस ती शाळेच्या कुंपणाबाहेर उभी असायची.

ऑक्टोबरात प्रगतिपुस्तक घरी गेलं. आईला तेवढं वाचता यायचं. तिनं नाव वाचलं. मग पुस्तक मिटून देव्हाऱ्याजवळ ठेवलं, चुलीपुढं बसली आणि भाकरी थापायला लागली. मला वाढलं. माझ्याशी पुढं दोन महिने बोलली नाही. त्या नावाच्या मुलाला तिनं पोचवलं होतं. ती ते नाव परत तोंडात कसं घेणार? तू पहिला आलास काय आणि परदेशी गेलास काय, ते तिच्या तोंडून निघणारच नव्हतं. तुला वाटलं, तिला तुझं कौतुक नाही. तिचा राग माझ्यावर होता, आणि तो बरोबर होता.

तिनं तुला शाळेतून काढलं नाही, हेही लिहून ठेवते. काढू शकली असती. तू घरी येऊन मुलांची नावं सांगायला लागला होतास, ते तिला ऐकायचं असायचं.

आणखी एक. हे लिहायला मी दोन दिवस लावले. पहिलीत तू माझ्याच वर्गात होतास. कागदावर साडेसहा वर्षांचा, खरा साडेचारचा. तुला पेन्सिल धरता येत नव्हती. अक्षरं उलटी यायची. शिक्षिकेचा भाऊ मागं, म्हणून मला लाज वाटायची. तुझं वय जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि मीच तुला पट्टीनं मारलं. वर्गात "हा ढ आहे" असं मी म्हणाले, आणि मुलांनी ते चौथीपर्यंत चालवलं. 

नागेंद्रला सांगितलं, हेडमास्तरांचं नाव काढ, माझं घाल.

तो उभाच राहिला. "बाई, तुम्ही हे अंगावर घेताय. जिल्ह्याचा आदर्श शिक्षिका पुरस्कार आहे तुमच्या नावावर."

"अंगावर घेत नाही. माझंच आहे ते. आणि 'नोंद' शब्दावरचा अनुस्वार राहिलाय, तो दे."

सही केली. कागद स्कॅन करून सौम्याला पाठवले आहेत.

आक्का


१३ मार्च

चि. अभिनंदन,

परवा तुझं पत्र आलं. पत्र कसलं, वहीच्या पानावर एकच ओळ, तिचा फोटो.

"म्हणजे मी ढ नव्हतो."

नव्हतास. तू दोन वर्षांनी मोठ्या मुलांबरोबर धावत होतास आणि दहावीला त्यांच्या पुढं गेलास. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. आता सांगते. आरोहीलाही वाचून दाखव.

ती ओळ वाचून मी उठले, दोन खोल्या झाडून काढल्या, आणि पुन्हा येऊन वाचली. मला वाटलं होतं तू काय काय लिहिशील. त्यातलं काहीच नव्हतं.

कालचं मोठं पत्रही मिळालं. तिथला वकील म्हणतो की परवान्याची फेरतपासणी होऊ शकते, होईलच असं नाही, आणि थोरल्याचाच दाखला दिला असता तर काम आठवड्यात झालं असतं. तू त्याला सांगितलंस की सगळं जसंच्या तसं द्यायचं, दोन्ही जन्मनोंदी, मृत्यूची नोंद, दोन्ही ॲफिडेव्हिटं. ठीक केलंस. सौम्या घाबरली आहे. तिचं बरोबर आहे, घर तिथं आहे, मुलीची शाळा तिथं आहे. तुला देशाबाहेर काढलं तर त्याचं कारण मी असेन, हे मी विसरणार नाही.

नावाच्या कोऱ्या रकान्याबद्दल तू विचारलंस. तिथं काय लिहायचं ते तू ठरवायचं, असं नागेंद्र म्हणतो, त्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. तू म्हणतोस अभिनंदनच ठेवा, चाळीस वर्षं वापरलंय, आता ते माझंही झालंय. आणि थोरल्याचं नाव त्याच्या नोंदीत आहे तसं राहू दे. दोघांचं एकच नाव असलं म्हणून रजिस्टराला काही होत नाही. तसा अर्ज आज केला.

आता २०१९ चं. आई गेली तेव्हा तू म्हणालास, परवान्याचा निकाल लागायचा आहे, आत्ता जो तात्पुरता कागद आहे तो देशाबाहेर पाऊल टाकलं की रद्द होतो, परत आत घेणार नाहीत. मी म्हटलं, "कागद आईपेक्षा मोठा झाला का?" आणि फोन ठेवला. गेल्या महिन्यात सौम्यानं तुझी जुनी कागदपत्रं पाठवली, त्यात तो तात्पुरता परवाना होता. इंग्रजी मला येतं. तू सांगितलंस तेच स्वच्छ छापलेलं आहे. 

मी चुकले. हे वाक्य मी फारसं लिहिलेलं नाही, त्यामुळं अक्षर बिघडलं असेल.

कागदासाठी आईला सोडलंस असं मी तुला म्हणाले, आणि चाळीस वर्षांपूर्वी एक कागद घेऊन तुला आईपासून सोडवून नेणारी मीच. यावर जास्त लिहीत नाही. तुला कळलं असेल.

निकाल येईपर्यंत दर रविवारी कळवत जा. काही नसलं तर काही नाही असं कळव.

आक्का


२९ ऑगस्ट

चि. अभिनंदन,

काल सकाळी दूध तापवत होते आणि फोन वाजला. सौम्या रडत होती, म्हणून मी आधी गॅस बंद केला. मग तिनं सांगितलं की तिघांचाही अर्ज मंजूर, आणि परवान्याला हात लावलेला नाही. नवीन कागदावर तुझी जन्मतारीख अठ्ठावीस डिसेंबर १९८०. मी म्हटलं, "तारीख परत वाच." तिनं वाचली. म्हटलं, "आकड्यांत वाच." तिनं आकड्यांत वाचली.

सहा महिने दर रविवारी तू 'काही नाही' लिहीत होतास आणि मी 'बरं' लिहीत होते. मला वाटायचं मी शांत आहे. काल दुपारी बारालाच झोप लागली, ती चार वाजता उठले. नोकरीत असतानाही मी दुपारची कधी झोपले नव्हते.

आज लोकांना सांगून आले. आण्णाप्पाला पेढे दिले. तो म्हणाला, "आता नाव लागलं न्हवं? मग तिकडंच ऱ्हाऊ दे म्हणा. इकडं रजिस्टरात जागा न्हाय." नागेंद्रनं एकट्यानं सहा पेढे खाल्ले आणि पहिल्यांदाच मी न सांगता खुर्चीत बसला.

वृषभची मात्र तक्रार आहे. तो एप्रिल ऐंशीचा. लहानपणी ते लोक इचलकरंजीला होते, इकडं आले तेव्हा तू त्याच्यापुढं एक इयत्ता होतास. तेव्हापासून तो तुला अण्णा म्हणतो.

"आक्का, म्हंजे तो माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी बारका निघाला?"

"निघाला."

"आणि मी चाळीस वर्षं त्याच्या पाया पडतोय? दर पाडव्याला?"

"ते पुण्य तुझ्याकडं राहील."

"पुण्य न्हाय, वसूल करणार. आल्यावर त्यानं माझ्या पाया पडायचं. आणि 'वृषभअण्णा' म्हणायचं, सगळ्यांसमोर, बस्तीत." हे तो गावभर सांगत फिरतोय. तयारी ठेव.

नागरिकत्वाची शपथ ऑक्टोबरात आहे म्हणालास. त्यानंतर इथला पासपोर्ट परत करावा लागतो. सौम्यानं विचारलं, मला वाईट वाटतं का. मी विचार केला. वाटत नाही. तू काही चोरून घेत नाहीस, खरं सांगून, खऱ्या तारखेवर घेतो आहेस. मला तेवढंच हवं होतं. बाकी तुला तिथली हवा मानवते, मुलगी तिथं वाढते आहे, तुझं काम तिथं आहे. माणसानं जिथं जगायचं ठरवलं तिथं पूर्ण असावं. पाहुण्यासारखं अर्धवट बसू नये.

शपथेच्या वेळी शर्टाला इस्त्री कर.

आक्का


५ डिसेंबर

चि. अभिनंदन,

सौम्याला आणि आरोहीला आशीर्वाद. तुलाही.

व्हिसा मिळाला हे कळलं. एकवीसला बेळगावच्या विमानतळावर उतरणार, दोन आठवडे राहणार. गाडी घेऊन वृषभ येईल. तो काय म्हणायला लावणार ते तुला ठाऊक आहे. पहिल्या दमात म्हणून टाक, नाहीतर तो गाडी सुरू करणार नाही.

नागेंद्रनं नवीन काम लावलं आहे. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं, ऑनलाइन फॉर्म भरून. तिघांचे तीन. मी त्याला म्हटलं, माझ्या सख्ख्या भावाची वर्दी मी पोलिसांत देऊ? तो म्हणाला, "बाई, कायदा आहे." कायदा आहे म्हटल्यावर भरते. तिघांच्या पासपोर्टांच्या प्रती आधी पाठव, मला शेवटच्या घटकेला धावपळ आवडत नाही.

आरोहीला भाकरी खाता येते का, ते कळव. येत नसेल तर येईल. कांदा-लसूण ती खाते हे सौम्यानं सांगितलं आहे. माझ्या स्वयंपाकघरात ते होणार नाही. वृषभकडं होतं. तिथं खाऊन यावं, मी विचारणार नाही.

बिनअंड्याचा केक निपाणीत मिळतो, सांगून ठेवला आहे. अठ्ठावीसला रविवार आहे. कागदावर पंचेचाळीस तू गेल्या वर्षीच पुरी केलीस, आता खरी होतील. लोकांना एकदाच मिळतं ते तुला दोनदा मिळतंय, म्हणून डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस.

बाळाबाईला बोलावणं करायला काल गेले होते. तिला तुझं नागरिकत्व वगैरे सगळं समजावून सांगितलं. अर्जाचा निकाल आपल्या बाजूनं लागला, तिच्या अंगठ्याचं मोठं काम झालं, म्हणाले. तिला त्याचं विशेष वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, किती वाजता येणार.

मी म्हटलं, केक पाच वाजता कापायचा आहे.

म्हणाली, "त्याला माजा निरोप लिव्ह. म्हणावं, जल्माला येताना लई वाट बघाय लावलास. दोन दिस, दोन राती माजी पाठ मोडली, तुजी आई वरडून वरडून गप झाली, आणि तू आपला यीना. आता तरी येळंवर ये. मला पाचला भूक लागतीया."

निरोप लिहिला आहे. वेळेवर ये.

आक्का